कातडं आणि कंबर

सन एकोणीसशे शहाण्णव. जानेवारीतली कडाक्याची थंडी. एका दुपारी नात शाळेतून आली आणि दप्तर टाकून म्हणाली, "शनिवारी मी शाळेत जाणार नाही."

शनिवारी कवायतीचा तास असे. गुडघे ताठ ठेवून पायांचे अंगठे धरायचे. वर्गातल्या बाकी सगळ्यांचे हात पोचत, हिचे गुडघ्याखाली जरासे जाऊन अडकत. पोरांनी तिचं नाव 'फळी' ठेवलं होतं.

आजोबांनी हातातला बूट खाली ठेवला. उभा जन्म बूट शिवण्यात गेलेला. कडक कातडं कसं नरम करावं हे त्यांना शिकवायची कोणाची टाप नव्हती. (चौथीत शाळेने त्यांना सोडलं. ते मात्र 'मीच शाळा सोडली' असं सांगत.)

"त्यात काय एवढं," ते म्हणाले. "ओलं करायचं, तेल पाजायचं, साच्यावर ताणून ठेवायचं. सकाळी लोण्यासारखं मऊ."

"मामंजी, ती पोरगी आहे, बूट नव्हे," सून आतून म्हणाली.

"कातडं ते कातडंच."

"मग आधी स्वतःचं ताणून बघा."

सुनेने भर घरात असं म्हटल्यावर माघार घेतील ते आजोबा कसले. त्यांनी कढत पाण्याने अंघोळ केली. कंबरेला वाटीभर तेल चोळलं. (बुटाचं नव्हे. तेवढी अक्कल शाबूत होती.) ताणायला वजन हवं म्हणून बूट ठोकायचा लोखंडी ठोकळा दोन्ही हातांत धरला आणि बाहेरच्या खोलीत मधोमध उभे राहून वाकले. ठोकळा सरळ जमिनीकडे निघाला. आजोबा त्याच्यामागोमाग गेले. बोटं अंगठ्यांना टेकली.

"बघ," ते फरशीला म्हणाले.

"बघितलं. आता वर या," नात म्हणाली.

"येतो. घाई काय आहे?"

आजोबा तसेच वाकलेले राहिले.

"आजोबा?"

"फरशी बघतोय. इथे भेग पडली आहे."

सून धावत आली. "डॉक्टरांना बोलावू?"

"कोणालाही बोलवायचं नाही." गल्लीत त्यांचा दरारा होता, आणि दरारा ताठ उभा असतो.

सुनेने खांदे धरून वर ओढलं. तेलकट अंगावरून तिचे हात निसटले आणि आजोबांच्या तोंडून जो आवाज निघाला तो पूर्वी त्या घरात कोणी ऐकला नव्हता.

"आई, ओढू नकोस. हिसका द्यायचा नसतो," नात म्हणाली आणि खाली बसून तिने आजोबांच्या तोंडाशी तोंड नेलं. "ठोकळा सोडा. गुडघे वाकवा. श्वास सोडा. आता हात मांडीवर टेकत हळूहळू वर या."

जन्मात कोणाचं न ऐकलेले आजोबा नातीचं ऐकत गेले. मोडक्या खाटेसारखे करकरत उभे राहिले.

"हे कोणी शिकवलं?"

"कवायतीच्या बाईंनी. हात पोचेल तिथवरच जायचं, रोज थोडं. जबरदस्ती केली की अंग जास्त आखडतं."

"बाई शहाण्या आहेत. मग जात का नाहीस?"

"बाई नाही हसत. पोरं हसतात."

आजोबा भिंतीला टेकले. "तुझे उपकार झाले माझ्यावर. मी कोणाचे अंगावर ठेवत नसतो. बोल, काय पाहिजे?"

नातीने जरा विचार केला. "शनिवारी माझ्या शेजारी उभं राहायचं."

सुनेने तोंड फिरवलं. तिचे खांदे हलत होते.

शनिवारी आजोबा इस्त्रीचा सदरा घालून मैदानावर गेले. बाईंनी त्यांना नातीशेजारी जागा करून दिली. शिट्टी झाली. सगळे वाकले. या वेळी ठोकळा नव्हता; आजोबांचे हात अर्ध्या मांडीवर पोचले आणि तिथेच राहिले.

"फळीचे आजोबा तर ओंडका आहेत," मागून कोणीतरी म्हणालं. सारं मैदान हसलं. नातीकडे कोणाचंच लक्ष नव्हतं. तीही हसत होती, आणि हसता हसता तिची बोटं आणखी थोडी खाली सरकली.

"छान," बाई तिला म्हणाल्या. मग आजोबांकडे वळल्या. "आजोबा, तुम्ही पहिलीच्या रांगेत या. तिथे सोपे प्रकार आहेत."

आजोबा गेले. तास संपेपर्यंत तिथे उभे राहिले.

घरी येताना त्यांनी विचारलं, "उपकार फिटले?"

"फिटले," नात म्हणाली.