नानांचे मागचे ब्रेक

आमचे नाना कर्णिक रिक्षात बसण्याआधी रिक्षावाल्याला ब्रेक दाबून दाखवायला लावतात. कोपर स्टेशनबाहेर त्यांना रोज नवा बकरा सापडतो.

"काका, रिक्षा उभीच आहे ना!" तो बिचारा म्हणतो.

"म्हणूनच. ब्रेकवर उभी आहे की नशिबावर, ते बघू दे."

स्टँडवरच्या जुन्या रिक्षावाल्यांना तर नाना लांबून दिसले की लगेच चहा आठवतो.

नाना माझ्या वरच्या मजल्यावर राहतात, एकटेच. "पळतं कोणीही, थांबता आलं पाहिजे," हे त्यांचं पेटंट वाक्य. सोसायटीच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरींचं भाषण लांबलं की हेच. एका लग्नात मी तिसरी जिलबी उचलली, तर भर पंगतीत तेच! मेल्याहून मेल्यासारखं झालं हो मला.

आता अशा माणसाने एखादी साधी, गुणी गाडी बाळगावी की नाही? छे! नानांकडे आहे दोन दारांची जुनी स्पोर्ट्स कार. एके काळी लालभडक होती, आता मुरलेल्या लोणच्याच्या रंगाची झालीये. आत बसताना माणूस थेट जमिनीला टेकतो आणि उतरताना कोणीतरी हात द्यावा लागतो. आणि नाना ती चालवतात कशी? तर मागून सायकलवाला घंटी मारतो, अशी.

तरी ती एकदा थांबली नाहीच. नाना त्यांच्या मुलीला, स्वातीला, घोडबंदर रोडला तिच्या घरी सोडायला चाललेले. मुंब्रा बायपासच्या उतारावर भीतीपोटी नानांनी ब्रेकवरचा पाय काढलाच नाही. ब्रेक तापले आणि धरेनात. गाडी सावकाश, अगदी लाज वाटेल इतक्या सावकाश, एका कलिंगडांच्या ढिगात जाऊन विसावली. कोणाला साधं खरचटलंही नाही. पण स्वाती उतरली आणि म्हणाली, "बाबा, ह्या गाडीत मी परत पाय ठेवणार नाही."

तिने ते पाळलंसुद्धा. शेवटी लेक कोणाची! कॅबने यायची, जेवायची, कॅबने जायची. घोडबंदरच्या ट्रॅफिकला सगळं ठाणं शिव्या घालतं. नानांना मात्र तो ट्रॅफिक जाम प्रिय होता, कारण तेवढा वेळ लेक शेजारी बसून ऑफिसपासून सासूपर्यंत सगळं सांगायची. आता ते बंद झालं आणि नाना माझ्या डोक्यावर रात्रंदिवस येरझाऱ्या घालायला लागले.

एके दिवशी खाली येऊन म्हणाले, "मन्या, मागच्या ब्रेकचे ड्रम काढतोय. डिस्क बसवणार. ड्रम म्हणजे बंद डबा रे, आतल्या आत तापतो. डिस्कला वारा लागतो. मग बसेल स्वाती गाडीत."

मेकॅनिकने परोपरीने सांगितलं की, खरं काम पुढचे ब्रेक करतात, मागे ड्रम असले तरी चालतं. नाना म्हणाले, "मागच्यांनी काम करायचं नाही असा नियम आहे का? तुझ्या गॅरेजमध्ये असेल."

झालं, वर्ष गेलं त्यात! विठ्ठलवाडीच्या लेथवाल्याने डिस्क बसवायचं ब्रॅकेट तीनदा करून दिलं, कारण नानांनी माप मिठाईच्या खोक्याचा पुठ्ठा कापून दिलं होतं आणि तूप लागून तो पुठ्ठाच वाकला होता. मग कळलं, ड्रम काढले तसा त्यांच्यातला हँडब्रेकही गेला. डिस्कला चिमटा घेणारे, हँडब्रेकवाले कॅलिपर मिळेपर्यंत चाकाखाली नानांचा वरवंटा होता. दोन महिने नाना चटणीसाठी माझ्याकडे यायचे.

परवाच्या रविवारी शेवटचं काम निघालं, ब्रेक ऑइलमधली हवा काढायची. त्याला माणसं दोन लागतात. एकाने आत बसून पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने चाकापाशी नट सैल करायचा, की हवेचे बुडबुडे नळीतून बरणीत येतात. पेडलवर अर्थात मी. नाना मागे चटईवर आडवे.

तेवढ्यात स्वाती आली. मिनिटभर बघत राहिली आणि म्हणाली, "काका, उठा. तुमचा पाय थरथरतोय." तिने मला हात देऊन बाहेर ओढलं, चपला काढल्या आणि आत बसली. "दाबू का बाबा?"

मागे पाना खाली पडल्याचा आवाज झाला. तो उचलून नाना म्हणाले, "दाब... धर... सोड."

मी बरणीपाशी जाऊन उभा राहिलो. आधी भसाभस बुडबुडे आले, मग एखाददुसरा, मग स्वच्छ तेल. "नाना, झालं की!" असं मी म्हणणार, तोच नानांनी काळं बोट ओठांवर ठेवलं आणि ओरडले, "अजून आहे गं थोडी हवा. दाब."

हवा संपली की पेडल घट्ट होतं, एवढं मलाही कळतं. मी पुढे जाऊन आत डोकावलो. स्वातीच्या पायाखाली पेडल दगडासारखं झालेलं, हलायचं नाव नाही. माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "हो बाबा, मऊच लागतंय अजून. नीट काढा सगळी हवा. संध्याकाळी ह्याच गाडीतून घरी जायचंय मला."

मागून नाना ओरडले, "दाब गं, अजून पुष्कळ हवा आहे!"