लेलेकाकांचे चार सेकंद

आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीतले लेलेकाका आपल्या गुरूंची आठवण काढतात, तेव्हा खिडक्यांच्या काचा हादरतात. यात तिखटमीठ अजिबात नाही.

काका बँकेतून निवृत्त झालेले, वय एकाहत्तर. व्हायोलिन वाजवतात आणि उजव्या मनगटाला सेन्सर बांधतात. मनगट वळलं की कॉम्प्युटर त्यांचाच सूर उचलून लांबवतो. हात वर गेला की त्या एकाचे दहा करून स्पीकरमधून सोडतो. प्रोग्राम मी लिहिला. मला संगीतातलं ओ की ठो कळत नाही, हे काकांनी मला पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं.

अडचण एकच. वाजवता वाजवता "ही जागा आमच्या बाईंची" म्हणत काका गज धरलेला हात कानाच्या पाळीला लावतात. हात वर गेला, की झालं! खालच्या मजल्यावरच्या परांजपेकाकूंनी एकदा शेजारची इमारत पडली समजून आधी गॅस बंद केला होता.

"काका, कानाला हात नका ना लावू," मी म्हटलं.

"यंत्राला संस्कार नाहीत, म्हणून मी माझे सोडू? प्रोग्राम बदल."

"बरं. मग तेव्हा काय वाजू दे?"

"काही नको. चार सेकंद शांतता."

"चारच का?"

काका गजाला राळ घासत बसले. "कसबा पेठेत तांब्याच्या दुकानावरच्या खोलीत बाई शिकवायच्या. खाली ठोकाठोक, वर आम्ही. चुकलं की बाई तोंडातली सुपारी गालात सारायच्या आणि म्हणायच्या, 'पुन्हा.' त्याला तेवढाच वेळ लागायचा." मग आवाज उतरला. "आता सगळे वा वा करतात गं. बाई गेल्या, तुझी काकू गेली. पुन्हा म्हणणारं कुणी उरलं नाही. चुकतोय ते चुकतच राहणार मी."

मी लॅपटॉप उघडला. प्रोग्राम बदलला.

परवा रविवारी सकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये काकांचं वादन झालं. रंगात आले आणि हात कानाशी गेला. सगळं एकदम गप्प.

"बंद पडलं वाटतं," मागून कुणीतरी म्हणालं.

काका डोळे मिटून, मान खाली घालून थांबले होते. मी मोजत होते. एक, दोन, तीन. मला कसला अधिकार? तरी मोठ्यानं म्हणाले, "पुन्हा."

सगळा हॉल माझ्याकडे वळून बघायला लागला. काकांनी डोळे उघडले नाहीत.

"हो बाई," ते म्हणाले, आणि तीच जागा पहिल्यापासून वाजवू लागले.