जामीन राहिलेलं कासव

हिशेबनीसांचं डोकं फिरलं होतं. गोष्ट अगदी रंगात आली होती, कासवाची पाठ आता जप्त होणार होती, आणि नेमका तेव्हाच धाकटीने हात वर केला.

"बाबा, मध घेऊन कोल्हा पळाला ना? मग अस्वलानं कोल्ह्याला शोधायचं. कासवाला कशाला धरलं?"

"कारण कासव त्याला जामीन राहिलं होतं."

"पण अस्वलाला लांबूनसुद्धा वास येतो. कोल्हा सापडला असता की!"

"ही पैशाची गोष्ट आहे, वासाची नाही!"

दोन्ही मुलींना शाळेत न घालता त्यांची आई घरीच शिकवत असे. भाषा, गणित, विज्ञान सगळं तिच्याकडे होतं. पैशाचे व्यवहार हा एकच विषय हिशेबनीसांच्या वाट्याला आला होता, शनिवारी चार वाजता, आणि तोही गोष्टींमधून शिकवायचा असा तिचा हुकूम होता. फरशीच्या कारखान्यात वीस वर्षं ताळेबंद मांडणारा हा माणूस. त्यांच्या आकड्यांत ऑडिटरला कधी खोट सापडली नव्हती, आणि त्यांच्या कोल्ह्यात सात वर्षांची पोर खोट काढत होती. राग येऊ नये तर काय व्हावं?

"जामीन म्हणजे काय?" थोरलीने वही उघडली. ती अकरा वर्षांची होती आणि सगळं लिहून घेत असे, बापाच्या चुकासुद्धा.

"कोल्ह्यानं मध बुडवला तर मी भरीन, अशी सही कासवानं केली. भिडेखातर केली आणि पस्तावलं. म्हणून सांगतो, दुसऱ्याच्या कर्जाला जामीन कधीही राहायचं नाही."

हे बोलताना हिशेबनीसांचा आवाज जरा बसला. चारच महिन्यांपूर्वी त्यांनी मेहुण्याच्या झेरॉक्स यंत्राच्या कर्जाला बिनबोभाट सही ठोकली होती. बायकोला त्याचा पत्ता नव्हता.

"पण पेपरात तर चोराला जामीन मिळतो," धाकटी म्हणाली.

"तेच ते! आता मधे एक अक्षर बोललीस तर बघ."

तेच ते मुळीच नव्हतं. पण चिडलेल्या माणसाला शब्दाचे दोन अर्थ समजावून सांगायचा धीर नसतो.

मंगळवारी पतसंस्थेचं पत्र आलं. घरात येणारं प्रत्येक पत्र धाकटीने वाचायचं, हा तिच्या वाचनाच्या तासाचा भाग होता. आई आंघोळीला गेली होती, म्हणून तिने एकटीनेच वाचलं. 'आपण खालील इसमास जामीन आहात,' असं त्यात होतं. खाली मामाचं पूर्ण नाव होतं. 'सदर इसम दोन महिने संपर्कात नसून पुढील कारवाई करणे भाग पडेल.' पेपरात इसम कोणाला म्हणतात हे धाकटीला पक्कं ठाऊक होतं. आई रडेल म्हणून तिने पत्र नकाशांच्या पुस्तकात लपवलं. पण एवढी मोठी गोष्ट पोटात ठेवून जेवण जाईना. तिने ती फक्त शेजारच्या काकूंना सांगितली.

गुरुवारी शिक्षण खात्याच्या तपासनीस बाई आल्या. घरी शिकवण्याची परवानगी दर वर्षी त्यांच्या शेऱ्यावर ठरत असे. शेरा वाकडा पडला की मुली शाळेत आणि आईची सहा वर्षांची मेहनत पाण्यात. हिशेबनीसांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती आणि इस्त्रीचा शर्ट घालून ते खुर्चीच्या कडेवर बसले होते. धाकटीने धडा खणखणीत वाचला, थोरलीने अपूर्णांक चटाचट सोडवले. बाईंची मान सारखी हलत होती.

तेवढ्यात दार ढकलून काकू आत आल्या. चेहरा सुतकी होता आणि हातात कुणाचंतरी कार्ड होतं.

"वहिनी, अजिबात लाजायचं नाही. आमच्या ह्यांच्या ओळखीचा वकील आहे. मारामारीपासून अफरातफरीपर्यंत सगळं बघतो."

"कोणासाठी?" आईला काही कळेना.

"तुमच्या भावासाठी हो. भाऊजींनी जामीन देऊन सोडवलं म्हणे. केवढं मन!"

तपासनीस बाईंचं पेन थांबलं. "घरात कोणावर गुन्हा दाखल आहे का? मला तसं नोंदवावं लागेल."

"काय वाट्टेल ते बोलता काकू!" हिशेबनीस उसळले. "सरळमार्गी माणसाच्या घरात घुसून, पाहुण्यांसमोर, कोणी सांगितलं तुम्हाला हे?"

"तुमच्या धाकटीनं."

धाकटी केव्हाच नकाशांचं पुस्तक घेऊन आली होती. "बाबा, मी आईला नाही हं सांगितलं," असं म्हणून तिने पत्र त्यांच्या हातात दिलं.

वर पतसंस्थेचं नाव दिसताच हिशेबनीसांना सगळं कळून चुकलं. पत्र खिशात घातलं तर मेहुणा चोर ठरत होता आणि परवानगी जात होती. वाचून दाखवलं तर परवानगी राहत होती, पण बायकोसमोर स्वतःची धडगत नव्हती. त्यांनी एकदा तिच्याकडे पाहिलं. मुलींच्या वह्यांचा गठ्ठा ती छातीशी धरून उभी होती. त्यांनी पत्र, झेरॉक्स यंत्राच्या कर्जाच्या ओळीसकट, पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचलं.

"म्हणजे अटकबिटक नाही?" काकूंचा हिरमोड झाला. त्या कार्ड घेऊन निघून गेल्या.

"तुम्ही सही केलीत?" आई अगदी हळू आवाजात म्हणाली. "तो आधी माझ्याकडे आला होता. मी नाही म्हटलं होतं."

"म्हणूनच माझ्याकडे आला असेल."

"आणि मुलींना काय शिकवता?"

"शिकवतो ते बरोबरच शिकवतो!" हिशेबनीस कळवळून ओरडले. "माणसानं गोष्ट सांगायची की स्वतःही तशीच वागायची? सगळं मीच करायचं का?"

तपासनीस बाई हसल्या नाहीत. त्यांनी थोरलीला विचारलं, "सहीच्या आधी काय बघायला हवं होतं?"

"किती पैसे, किती दिवस, आणि यंत्रावर गिऱ्हाईक येतं का ते," थोरली म्हणाली. "आणि कागद पूर्ण वाचायचा. बाबांनी वाचला नसणार. आपल्या माणसाच्या कागदावर ते फक्त सहीची फुली कुठे आहे ते बघतात."

बाईंनी शेरा लिहिला. तो उत्तम होता. मग त्यांनी तीन पानांचा छापील कागद हिशेबनीसांपुढे सरकवला. "हे परवानगीचं हमीपत्र. फुली मारली आहे तिथे सही करा."

हिशेबनीसांनी सुटकेचा श्वास सोडून पेन उचललं. दोन्ही मुलींनी कागदावर एकदम हात ठेवला.

"आधी वाचू," थोरली म्हणाली.

पुढचा पाऊण तास वाचन चाललं. धाकटी वाचत होती, थोरली टिपणं काढत होती. 'खाते वेळोवेळी घालेल त्या सर्व अटी मान्य' यापाशी दोघी थांबल्या. कोणत्या अटी, असं त्यांनी विचारलं. बाईंनाही सांगता येईना. अकरा वर्षं त्या हा कागद वाटत होत्या, आणि तो आज पहिल्यांदा वाचत होत्या. शेवटी त्यांनी 'लेखी कळवलेल्या' असे शब्द स्वतःच्या हाताने त्यात घातले आणि आपली सही केली.

"आता करू का?" हिशेबनीस कडाडले. स्वतःच्या घरात, स्वतःच्या पेनाने, स्वतःची सही करायला परवानगी मागायची पाळी त्यांच्यावर आली होती. "आता तरी काही हरकत आहे का कोणाची?"

दोघी बहिणींनी एकमेकींकडे पाहिलं.

"हरकत नाही," थोरली म्हणाली. "पण तुमच्या सहीला जामीन कोण?"

हिशेबनीसांचे कान लाल झाले.

आईने वह्यांचा गठ्ठा टेबलावर ठेवला, त्यांच्या हातातून पेन काढून घेतलं आणि त्यांच्या नावाच्या जागेखाली आधी स्वतःची सही केली.

"मी राहते," ती म्हणाली. "कागद वाचलाय मी. माणूसही वाचलाय."