माऊसवरचा पहारा

“या घरातून औषध निघणार आहे, औषध!”

हातातला स्क्रू-ड्रायव्हर उंचावत मास्तरांनी जाहीर केलं, तेव्हा त्यांची बायको इस्पितळातली ड्यूटी संपवून नुकतीच आली होती. ती नर्स. दिवसभर औषधंच बघून आलेली.

“आधी त्या खोलीतून जळमटं निघू द्या,” ती चपला काढत म्हणाली.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, ड्रायव्हिंग स्कूलचे. शिकाऊ माणसाच्या शेजारी बसायचं, आपल्या पायाखालच्या जादा ब्रेकवर पाय ठेवायचा आणि ओरडायचं, हा त्यांचा बावीस वर्षांचा धंदा. अर्धं गाव त्यांनीच रस्त्यावर आणलं असं ते अभिमानाने सांगत, आणि ऐकणाऱ्यांपैकी कुणी हसलं तर त्यांना कारण कळत नसे.

त्या स्कूलने वाहतुकीच्या खुणांची परीक्षा घेणारे तीन जुने संगणक मोडीत काढले आणि मास्तरांनी ते घरी आणले. शास्त्रज्ञांची अवाढव्य गणितं तुकडे करून लोकांच्या घरी पाठवतात, घरचे संगणक ती रिकाम्या वेळी सोडवून परत पाठवतात, असं त्यांनी वाचलं होतं. सगळी फुकटची सेवा. त्यातलं एक गणित कंपवाताचं होतं.

मास्तरांच्या आईला चार वर्षांपासून कंपवात होता. तिच्या हातातला कप थरथरायला लागला की मास्तर खिडकीबाहेर बघायचे. बघण्यापलीकडे त्यांना काही करता येत नव्हतं, आणि हे त्यांना फार लागायचं. आता मात्र करता येणार होतं! एक नाही, तीन तीन संगणक, चोवीस तास याच कामाला!

“चोवीस नाही,” बायको म्हणाली. “शेजारी आई झोपतात. रात्री ही घरघर बंद.”

“बरं बरं. रात्री गाडी गॅरेजमध्ये.”

“आणि अजून एक. आईंना धरून चालायला दांडे लावायला सांगितलेत डॉक्टरांनी. त्याला हीच खोली. दोन आठवड्यांनी सोमवारी सुतार येतोय. आदल्या दिवशी दुपारपर्यंत एक तरी गणित सुटून गेलं पाहिजे. नाहीतर तुमचे डबे भंगारात!”

“एक? अगं, शंभर जातील!”

जुन्या यंत्रांना लिनक्स हे फुकटचं सॉफ्टवेअर मानवतं, हेही मास्तरांनी वाचलं होतं. ते चढलंसुद्धा. मग काळ्या पडद्यावर पासवर्ड मागितला गेला. मास्तर टाइप करू लागले. एक अक्षर उमटेना! त्यांनी कीबोर्ड झटकला, उलटा केला, बदलला. तिन्ही कीबोर्ड बिघडलेले! शेवटी ते चौथा मागायला शेजारच्या छपाईवाल्याकडे गेले.

“मास्तर, तिथे पासवर्ड लिहिताना दिसतच नाही,” छपाईवाला म्हणाला. “न बघता लिहायचा आणि पुढे जायचं.”

“समोरचं दिसत नसताना पुढे जायचं? मी बावीस वर्षं काय शिकवतोय मग!”

पण गेले. पहिलं गणित आलं, टक्क्याचा आकडा हलायला लागला. मास्तरांनी आईला हाताला धरून आणून खुर्चीत बसवलं. “बघ! हे तुझ्यासाठी.”

आई डोळे बारीक करून बघत असतानाच पडदा काळा झाला.

“झोपला!” मास्तर किंचाळले. त्यांनी माऊस हलवला. पडदा उजळला. पाच मिनिटांनी दुसरा झोपला, मग तिसरा.

“स्टिअरिंगवर माणूस डुलकी घेतो तसं चाललंय हे! यांना जागं ठेवलं पाहिजे.”

झालं! घरात ड्यूट्या लागल्या. सकाळी मास्तर, दुपारी आई, संध्याकाळी बायको. स्वयंपाकघरातलं गजराचं घड्याळ खोलीत आलं. दर दोन मिनिटांनी ते खणखणायचं आणि ज्याची पाळी असेल त्याने तिन्ही माऊस हलवायचे. बायकोने पहिल्याच दिवशी विचारलं, “अहो, नक्की असंच असतं का हे?” मास्तर म्हणाले, “गाडी शिकवणारा कोण आहे इथे?” ती हलवत बसली.

सगळ्यांत तरबेज निघाली ती आई. ती घड्याळाकडे बघायचीसुद्धा नाही. एक माऊस उजव्या हाताखाली, एक डाव्या, तिसरा खाली पाटावर ठेवून पायाच्या अंगठ्याखाली!

“तुम्हाला आठवण ठेवावी लागते,” ती सुनेला म्हणाली. “मी नुसता हात ठेवला की झालं. चार वर्षांत पहिल्यांदा ही थरथर कामाला आली बघ.”

मास्तरांचे डोळे भरून आले. टक्का मात्र पुढे सरकेना. दहा दिवस झाले तरी पहिल्या संगणकावर दोन, दुसऱ्यावर दीड, आणि तिसऱ्यावर तर ‘थांबले’ असा शब्दच कायमचा येऊन बसलेला. मास्तर जितके डोळे वटारून बघत, तितका तो शब्द ठळक दिसे. त्यांनी घड्याळ एका मिनिटावर आणलं. बायकोला भाजी चिरायलाही खोलीतच बसवलं. काही फरक नाही!

शनिवारी आईची डॉक्टरांकडे तपासणी होती. तिला आधार द्यायला दोघंही लागत.

“पाच तास! पाच तास कुणी नसणार!” मास्तर दारातून तीनदा मागे फिरले. “मी थांबू का?”

“आईंना जिन्यावरून कोण उतरवणार? ते डबे?”

ओशाळून मास्तर गेले. परत आले ते थेट खोलीत. काळ्या पडद्यांकडे बघून त्यांनी कपाळाला हात लावला आणि पहिला माऊस हलवला.

चौतीस टक्के!

“चमत्कार!” ते ओरडले. दोघी धावत आल्या. आकडा सर्वांदेखत थबकला आणि त्याच्या शेजारी शब्द आला: ‘थांबले’.

“हात काढा,” बायको म्हणाली.

“अगं पण...”

“हात काढा म्हणते ना!”

तिघं श्वास रोखून उभी राहिली. तीन मिनिटांनी ‘चालू’. मास्तरांनी न राहवून बोट लावलं. ‘थांबले’!

बायकोने त्यांना खुर्चीतून उठवलं. बाटलीवरचा कागद वाचल्याशिवाय पेशंटला थेंबही न देणारी बाई ती! तिने सगळ्या सूचना ओळीने वाचायला घेतल्या आणि चौथ्या ओळीला थांबली.

“‘माणूस संगणक वापरत असेल, तर काम थांबवावे.’ इथे ‘हो’ कुणी केलंय?”

मास्तरांनी घसा खाकरला. “मीच. म्हणजे... माणूस दिसला की ब्रेक. हा पहिलाच धडा असतो.”

“आणि मग तेरा दिवस तुम्ही आपल्या तिघांना त्याच्यापुढे आणून बसवलंत?”

“म्हणजे रे,” आईने सावकाश विचारलं, “मी ते अंगठ्याने हलवत होते, तेव्हा माझंच औषध अडवत होते?”

मास्तरांना कुठे तोंड लपवावं कळेना. आई मात्र आधी खुदकन आणि मग खुर्चीचा दांडा धरून इतकी हसली, की बायकोलाही हसू आवरेना. शेवटी मास्तरही हसले, पण जरा अंतर ठेवून.

बायकोने तो ‘हो’ काढून टाकला. झोपत होता तो नुसता पडदा, आतला संगणक नव्हे, हेही तिला त्याच सूचनांत सापडलं. मग म्हणाली, “यांच्याकडे बघायचंच नसेल, तर पडदे कशाला? आणि माऊस तरी कशाला?” संध्याकाळपर्यंत पडदे, कीबोर्ड, माऊस छपाईवाल्याकडे गेले आणि तीन डबे कपाटाच्या माथ्यावर. खोली मोकळी! रविवारी सकाळी अकरा वाजता बायकोच्या फोनवर संदेश आला: पहिलं उत्तर पोचलं, आभारी आहोत. सोमवारी सुताराने दांडे ठोकले. आई त्यांना धरून खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालू लागली आणि वर डबे घरघरत राहिले. घरात एकच नवा नियम झाला. दिवसा त्या खोलीत मास्तरांना मज्जाव!

महिन्याने पुढची तपासणी झाली. आईची चाल सुधारलेली बघून डॉक्टर खूश झाले. त्यांनी कौतुकाने मास्तरांकडे पाहिलं.

“आजी, मुलगा बरीच मदत करतो वाटतं?”

“फार करतो हो,” आई म्हणाली. “हल्ली तर तो त्या खोलीकडे फिरकतच नाही!”