स्तूपाभोवती पाठशिवणी

न सांगता चालू पडायची आजोबांची खोड त्यांच्याबरोबरच जन्माला आली असावी, असं आजींचं मत होतं. स्वतःच्या लग्नातही फोटोच्या वेळी हा माणूस पाणी प्यायला गेला होता. आज भाड्याच्या सायकलींवरून नदीपलीकडचे विहार बघताना तेच चाललं होतं. आजी बुद्धापुढे हात जोडून डोळे उघडायच्या, तोवर नवरा पुढच्या विहाराच्या वाटेला.

शेवटचा राहिला तो टेकडीएवढा स्तूप. त्याच्याभोवती गोल रस्ता. स्तूप उजव्या हाताला ठेवूनच फिरायचं, मग पायी असो की सायकलवर. आजी बुटांचे बंद बांधून उठल्या, तर आजोबा गायब. फाटकाशी झाडत असलेल्या मौनी भिक्खूने झाडूनेच रस्ता दाखवला.

ऊन कलायला लागलं होतं आणि शेवटची नाव मावळतीला सुटणार होती. फोन, पैसे, सगळं आजोबांच्या पिशवीत. त्यात सकाळी सूनबाई म्हणाली होती, "आई, या वयात सायकल? मी कुणाला तरी न्यायला पाठवते." त्यावर आजींनी सगळ्यांदेखत सुनावलं होतं, की दिवे लागायच्या आत दारात नाही आलो तर पुन्हा सायकलचं नाव काढणार नाही. आता नाव चुकली तर सूनबाईपुढे मान खाली. एक वेळ उपास परवडला.

वाट बघत बसणाऱ्यांतल्या आजी नव्हेतच. त्यांनी सायकल दामटली. पूर्ण फेरी झाली, आजोबांचा पत्ता नाही. भिक्खूने पुन्हा पुढे बोट केलं. म्हणजे गृहस्थ आत्ताच इथून गेले. आजी दुसऱ्या फेरीला निघाल्या. मागच्या अंगाला घाट दिसला. नाव भरत आली होती. आजींनी पायडल आणखी जोरात मारलं.

तिसऱ्या फेरीला भिक्खूने झाडू टाकला आणि तळहात समोर धरून रस्त्यात उभा राहिला. दिवसभर प्रत्येक मूर्तीचा हात असाच बघितलेला. केवढा भला माणूस, घाईतही आशीर्वाद देतोय, म्हणून आजींनी मान लववली आणि बाजूने सायकल काढली. भिक्खूने कपाळाला हात लावला.

चौथ्या फेरीला फाटकाशीच सायकलची चेन उतरली. आजी खाली बसल्या, हात काळे झाले, चेन काही बसेना. तेवढ्यात नावेचा भोंगा वाजला. आयुष्यात पहिल्यांदा आजींना रडू यायचं तेवढं बाकी राहिलं.

आणि मागून, धापा टाकत, आजोबा आले.

"अगं, होतीस कुठे? मी फेरी मारून परत आलो तर तू नाहीस. तेव्हापासून तुझ्याच मागे फिरतोय!"

आजींना कोडं उलगडलं. दोघंही एकाच दिशेने, एकाच चालीने, मध्ये टेकडीएवढा स्तूप. उलटं फिरायचं दोघांच्याही मनात आलं नव्हतं. भिक्खू हाताची घडी घालून दोघांकडे बघत होता.

भोंगा पुन्हा वाजला. "गेली नाव," आजी म्हणाल्या आणि तिथेच बसकण मारली. डोळ्यांपुढे सूनबाईचा चेहरा उभा राहिला, हसू दाबत असलेला.

इतक्यात गंजक्या सायकलवर एक जाडजूड माणूस घामाघूम होऊन आला.

"सापडल्या का आजी? दोन फेऱ्या मारून माझा जीव गेला!"

तो नावाडी होता. आजोबांनीच त्याला घाटावरून शोधायला पिटाळलं होतं. नावेत लोक खोळंबले होते आणि भोंगा त्यांनीच लावून धरला होता.

नावेत सगळ्यांच्या नजरा अंगावर झेलत आजी ताठ बसल्या. दिवे लागायला अजून थोडा वेळ होता. पदराने हात पुसत त्या आजोबांना म्हणाल्या,

"आजवर तुमच्या मागे फिरून माझे पाय झिजले, असं मी गावभर सांगायचे. तुम्हीही माझ्या मागेच होतात, हे आज कळलं. पण उद्यापासून हरवलात, की जागचं हलायचं नाही. शोधायचं काम माझं. आणि उशीर का झाला असं सूनबाईने विचारलं, तर नावाडी जागेवर नव्हता, एवढंच सांगायचं."