दारातला संघ

बनसोडेकाकांकडे गेलेल्या माणसाला निघताना आपली चप्पल जिथं काढली तिथं सापडत नाही. ती चोरीला गेलेली नसते, खेळायला गेलेली असते.

सोलापुरात सात रस्ता चौकाजवळच्या आमच्या इमारतीत प्रत्येक मजल्याला एक लांब गॅलरी आहे. काकांचं दार ओलांडूनच मला माझ्या दारात जावं लागतं, त्यामुळे मी रोज संध्याकाळी एक फुटबॉलचा सामना ओलांडून घरात शिरतो. पाहुणा आत बसला, त्याच्या हातात पाण्याचा पेला गेला, की काका "आलोच" म्हणून बाहेर येतात. कमरेत वाकून सगळ्या चपलांची पाहणी करतात आणि प्रत्येकीला जागा नेमून देतात. चार मागं, चार मधे, दोन पुढं. खेळाडू कमी पडले तर बाथरूममधल्या स्लिपरा मैदानात उतरतात आणि काकूंना मोरीत अनवाणी जावं लागतं.

जागा देताना वशिला चालत नाही. वरच्या मजल्यावरच्या येलदीअण्णांचा चादरींचा कारखाना आहे आणि पायात जाड तळाच्या वजनदार चपला. "अण्णा, तुमची चप्पल ढकलली तरी हलत न्हाय. मधल्या बचावाला तीच पायजे," असं म्हणून काकांनी त्यांना कायमचं मागं ठेवून दिलंय. माझी चप्पल डाव्या टाचेला झिजते. काकांनी ती उलटसुलट करून बघितली आणि सांगितलं, "तुम्ही लेफ्ट विंग. पण पळायला कंटाळा करताय." नुसत्या चपलेवरून माणसाचा स्वभाव सांगणारा दुसरा कुणी मी पाहिला नाही, आणि त्यांनी सांगितलेला माझा स्वभाव मला अजूनही पटलेला नाही.

एक जागा मात्र ते कुणालाच देत नाहीत. उंबऱ्याला लागून जी फरशी आहे ती गोलकीपरची. तिथं चुकून कुणी चप्पल काढली तर ती लगेच उचलली जाते. "गोलकीपर कुठाय तुमचा?" असं मी एकदा विचारलं होतं. "यायचाय की," म्हणून काका आत गेले.

एकदा शेजारच्या घरी मुलगी बघायला बार्शीहून पाहुणे आले होते. मोठा गोतावळा होता, चपला काकांच्या दारापर्यंत आल्या. एवढे खेळाडू काकांना आयुष्यात एकदम मिळाले नव्हते. त्यांनी दोन्ही बाजूंचे पूर्ण संघ उतरवले. पोहे खाऊन पाहुणे बाहेर आले तर मुलाच्या मामांची एक चप्पल जिन्याच्या तोंडाशी आणि दुसरी पाण्याच्या पिंपामागं. मामा तापले. काका शांतपणे म्हणाले, "पाहुणे, तुमचा जोड सारखा ऑफसाइडला जायला लागला. म्हणून बाहेर काढला." ते लग्न जमलं नाही. शेजारी अजून काकांना दोष देतात, पण मामांचा एकूण आवाज ऐकता ते बरंच झालं असं माझं मत आहे.

काका एका कॉलेजच्या ऑफिसातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले. घरातसुद्धा इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. बोलणं कमी, आणि त्यातलं निम्मं एकाच वाक्याचं. "बॉल पायात ठेवा." गॅसवाला जिन्यात घाई करायला लागला की "बॉल पायात ठेवा." पाणी आल्यावर मोटारी लावण्यावरून खालच्या बायकांची जुंपली की वरून "बॉल पायात ठेवा." येलदीअण्णांच्या मुलानं चांगली नोकरी सोडायची ठरवली, तेव्हा अण्णा त्याला घेऊन सल्ल्याला आले. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि हेच वाक्य सांगितलं. त्याचा अर्थ सोडावी की धरावी यावर बापलेक जिन्यात भांडत वर गेले.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. काकांची टीम मंगळूरची. सोलापूरच्या माणसानं मंगळूरची टीम का धरावी, याचं कोडं आम्हाला होतं. इथं क्रिकेटवर बोलायला चौकाचौकात माणसं बसलेली असतात, फुटबॉलवर बोलायला काकांना चपलाच लागतात. त्यात ही टीम काही फार मोठी नाही. यंदा ती रडतखडत चौथी आली आणि प्लेऑफमध्ये घुसली. पहिल्या चारांत जे येतात त्यांच्यात उपांत्य फेरी, एक सामना आपल्या घरी, एक त्यांच्या घरी, दोन्हींचे गोल मिळवून जो पुढं तो फायनलला. हे मला काकांनी शेंगाचटणी आणि कडक भाकरी समोर ठेवून समजावलं. भाकरीचे तुकडे बचावफळी होते, त्यामुळे मला खाताही येईना.

"पहिल्या नंबरच्या टीमशी गाठ हाय," काका म्हणाले. "त्यांचा उजवा बॅक लई पुढं येतो. तो पुढं आला की मागं मोकळं रान. आपण डावीकडनं जायचं. पण आमचा कोच भित्रा हाय. पाच जण मागं ठेवतो आणि पुढं एकटा उंच पोरगा उभा करतो, वाट बघत."

"मग हरणार म्हणा की."

"हरून चालणार न्हाय," काका म्हणाले. ते इतक्या गंभीरपणे म्हणाले की मी भाकरीचा डावा बॅक उचलून तोंडात टाकत होतो तो परत ठेवला.

हरून का चालणार नाही ते मला काकूंकडून कळलं. दुपारी त्या दारात शेंगा फोडत बसल्या होत्या. काका बाहेर गेले होते. मी सहज म्हणालो, "काकू, यंदा काका जरा जास्तच मनावर घ्यायलेत."

"घेतील न्हायतर काय," काकू म्हणाल्या. "टीमच्या मालकानं सांगितलंय म्हणं, फायनलला गेली तर पुढच्या वर्षी चालवणार, न्हायतर बंद. टीम बंद झाली की फोन बंद."

"कुणाचा फोन?"

काकूंनी हातातली शेंग खाली ठेवली. "प्रज्ञाचा."

काकांना मुलगी आहे, बाहेरगावी असते, एवढंच मला ठाऊक होतं. मी या इमारतीत आलो तेव्हा ती गेलेली होती. काकूंनी बाकीचं सांगितलं. प्रज्ञा शाळेत असताना गोलकीपर होती. काकांनीच शिकवलं, रोज सकाळी मैदानावर घेऊन जायचे, पोरगी मातीत लोळून यायची आणि लोक नावं ठेवायचे. पुढं नोकरीला मंगळूरला गेली. तिथल्याच मुलाशी रजिस्टर लग्न केलं आणि मग घरी कळवलं.

"ह्यांना जातधर्माचं काय न्हाय हो," काकू म्हणाल्या. "दुसऱ्यांच्या असल्या लग्नांना साक्षीदार म्हणून सह्या केल्यात ह्यांनी. आपल्याला आधी सांगितलं न्हाय, एवढंच लागलं. आणि फोनवर बोलून बसले, परत माझ्या दारात चप्पल काढायची न्हाय. तीबी ह्यांचीच पोरगी. न्हाय काढली."

दारातल्या चपला तेव्हापासूनच्या. सुरुवातीला काका नुसत्या उलट्या पडलेल्या चपला सरळ करायचे. उलटी चप्पल पडली की घरात भांडण होतं, असं आपल्याकडे म्हणतात. काकांचा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही, कुणी असलं काही बोललं तर ते त्याचं बौद्धिक घेतात. तरीपण सरळ करायचे. मग सरळ करता करता रांगा लागल्या, आणि रांगांचा संघ झाला.

"मग फोन कसा सुरू झाला?"

"तिचाच मेसेज आला एक दिवस. बाबा, इथली टीम बरी खेळतीय, बघा. बास, एवढाच. तवापासून मॅचच्या मध्यंतराला एक फोन आणि संपल्यावर एक. मॅच नसली की न्हाय. मी बोलते दुपारी तिच्याशी, तवा हे मुद्दाम खाली फिरायला जातात. दोघांनाबी दुसरं काय बोलायचं जमतच न्हाय."

त्या दिवसापासून मला त्या टीमची काळजी लागली. फुटबॉलमधलं मला आजही काही कळत नाही. पण गॅलरीतून जाताना मी माझी चप्पल लेफ्ट विंगला आहे ना, हे बघायला लागलो.

घरच्या मैदानावरचा सामना आम्ही काकांकडेच पाहिला. मी, येलदीअण्णा, काकू आणि काका. कोचनं ठरल्याप्रमाणे पाच जण मागं ठेवले. मध्यंतराला फोन वाजला. काकांना कमी ऐकू येतं, म्हणून तो स्पीकरवर असतो.

"डावा बॅक दमलाय," काका म्हणाले. हॅलो वगैरे नाही.

"हो बाबा, दमलाय," पलीकडून आवाज आला आणि खोकल्याची उबळ आली.

"त्या पोराला कफ झालाय असं वाटतंय," काका म्हणाले. "धावताना कळतं की. आल्याचा काढा घ्यावा त्यानं. थंड पाणी प्यायचं न्हाय. रात्री छातीला तेल चोळावं."

"सांगते बाबा त्याला."

मागं एक लहान मूल ठणाणा रडायला लागलं. काकांनी टीव्हीचा आवाज कमी केला. मग म्हणाले, "प्रेक्षक लई ओरडायलेत तुमच्याकडं."

"एकच आहे बाबा. लहान प्रेक्षक आहे."

काकू उठून स्वयंपाकघरात गेल्या. येलदीअण्णांना यातलं काही माहीत नव्हतं. ते टीव्हीवरची जाहिरात बघत मान डोलवत होते. सामना शून्य-शून्य सुटला. काकांनी खूष होऊन आम्हाला परत चहा दिला, कारण फायनलची आशा शाबूत होती आणि अजून एक सामना, म्हणजे अजून दोन फोन, बाकी होते.

दुसऱ्या सामन्याआधी काकांनी दारातला संघ तीनदा बदलला. माझी चप्पल पार पुढं नेऊन ठेवली. "आज तुम्हाला पळावं लागंल," म्हणाले. मी त्या दिवशी खरोखर पळायच्या तयारीत पाय आखडून बसलो होतो.

मंगळूरच्या पोरांनी किल्ला लढवला. मध्यंतरापर्यंत गोल नाही. फोन आला, दोघं उजव्या बॅकबद्दल बोलले. सामना संपत आला तरी शून्य-शून्य, आणि काका म्हणाले, "आता नुसतं टिकायचं. पेनल्टीवर गेलं की आपला गोलकीपर बघून घेईल." तेवढ्यात कोचला काय सुचलं कोण जाणे. त्यानं मागचा एक भक्कम गडी बाहेर काढला आणि पुढं खेळणारा आत पाठवला.

"घाई केली," काका हळूच म्हणाले.

जो बाहेर काढला होता त्याच्याच जागेवरून गोल झाला. मग शिट्टी वाजली. पडद्यावर आमची पोरं गवतावर बसली होती आणि गोलकीपर दोन्ही हातमोजे काढून नुसता उभा होता. येलदीअण्णा कोचला तेलुगूत काहीतरी बोलले. भाषांतर मागायची गरज नव्हती.

फोन वाजला. काकांनी तो उचलून स्पीकरवर टाकला.

"संपलं, बाबा," प्रज्ञा म्हणाली. "टीम बंद करणार म्हणतायत."

"व्हय."

"मग... ठेवू?"

मी काकूंकडे पाहिलं. त्या पदर तोंडाला लावून दारात उभ्या होत्या. काकांनी खिशातलं पेन काढलं, परत लावलं.

"चूक कोचची हाय," ते म्हणाले. "पोरांची न्हाय. पोरं चांगली खेळली. कोचनं घाई केली."

"हो बाबा."

"मीबी तवा घाई केली, प्रज्ञा." काका फोनच्या अगदी जवळ तोंड नेऊन बोलत होते. "बॉल पायात ठेवायला पायजे होता. बोलून बसलो. तू ये. जावईबापूंना आण, बाळाला आण. दारात चप्पल काढायला ये."

पलीकडून त्या लहान प्रेक्षकाचा आवाज येत होता. मग ती "येते" म्हणाली की नुसता हुंदका दिला, ते मला कळलं नाही. काकांना कमी ऐकू येतं, पण त्यांना कळलं असावं. त्यांनी फोन ठेवला आणि टीव्ही बंद केला. आम्ही उठलो, आपापल्या जागेवरून चपला घेतल्या आणि घरी गेलो.

त्यानंतर मे महिना लागला. सोलापूरचा मे म्हणजे गॅलरीची फरशी तव्यासारखी. एके दिवशी दुपारी मी कामावरून आलो आणि काकांच्या दाराशी थांबलो. संघ नव्हता. अण्णांचा वजनदार जोड भिंतीला टेकून पडला होता, बाथरूमच्या स्लिपरा बाथरूममध्येच असाव्यात. एक बायकी सँडल जिन्याकडे तोंड करून होती आणि दुसरी उंबऱ्याला लागून, गोलकीपरच्या फरशीवर आडवी. एक पुरुषी बूट दुसऱ्याच्या अंगावर चढला होता. त्यांच्या मधे लाल रंगाचा, तळव्याएवढा, एकच बूट पालथा पडला होता. आतून भांड्यांचा, हसण्याचा आणि त्या रडणाऱ्या प्रेक्षकाचा आवाज येत होता. मोजता येणार नाही इतका गोंधळ होता सगळा, आणि बनसोडेकाकांच्या दारात असा गोंधळ मी पहिल्यांदाच पाहत होतो.

इतक्या वर्षांची सवय. मी वाकलो आणि तो पालथा लाल बूट सरळ करायला हात पुढं केला.

"राहू द्या," आतून काका म्हणाले. ते नातवाला कडेवर घेऊन दारात आले होते, शर्टाला इस्त्री नव्हती आणि खिशातलं पेन नातवाच्या मुठीत होतं. "राहू द्या हो. त्यांनी काढल्यात तशाच राहू द्या."