हेतूचा रकाना

लागोपाठ तिसऱ्या दिवशी चार वाजताच्या चहाबरोबर डोकं ठणकायला लागलं, तेव्हा चौकशीसाहेबांनी कपाटातून एक कोरी फाइल काढली आणि खोलीचं दार आतून लावून घेतलं.

चौकशीसाहेब हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. एका मोठ्या खात्यात बत्तीस वर्षं त्यांनी चौकशा केल्या होत्या. भांडारातले पंखे पाय फुटून कुठे गेले, हजेरीपटावर सही करणारा माणूस त्याच दिवशी दवाखान्यात कसा होता, असल्या गोष्टी खणून काढण्यात त्यांचा जन्म गेला. निवृत्तीच्या दिवशी खात्याने त्यांना भिंतीवरचं घड्याळ भेट दिलं, तेही त्यांनी घरी नेऊन आधी उघडून पाहिलं. माणूस निवृत्त झाला, पण संशय सेवेतच राहिला. दूधवाला उशिरा आला तर ते कारण विचारत आणि वेळेवर आला तर जास्त खोलात जाऊन विचारत.

फाइलच्या पहिल्या पानावर त्यांनी पट्टीने चार रकाने आखले. संशयित, साधन, संधी आणि हेतू.

घरात माणसं तीन. मुलगा कामानिमित्त महिनाभर बाहेरगावी. उरले दोघं, आणि त्यातले एक ते स्वतः. इतकी सोपी यादी त्यांना बत्तीस वर्षांत मिळाली नव्हती. त्यांनी लिहिलं, ‘संशयित : सूनबाई. साधन : चहा. संधी : दिवसातून तीनदा.’

चौथ्या रकान्यापाशी मात्र पेन अडलं. घर आधीच मुलाच्या नावावर होतं. सूनबाई दिवाणखान्यात शिलाई मशीन घेऊन बसे, गळ्यात टेप, तोंडात टाचण्या. अकरा वर्षांत ती त्यांना उलटून बोलली नव्हती. तोंडात टाचण्या असताना तसं बोलताही येत नाही. मग सासऱ्याच्या जिवावर उठायचं कारण काय? साहेबांनी रकाना कोरा सोडला. ‘हेतू सापडल्याशिवाय फाइल बंद करायची नाही,’ असं ते हाताखालच्या लोकांना नेहमी सांगत. फाइल त्यांनी गादीखाली सरकवली. घरात त्याहून सुरक्षित जागा नव्हती.

आता खोलीबद्दल थोडं सांगायला हवं. खोली उत्तरेकडची, थंडीत बर्फाची पेटी. म्हणून मुलाने जायच्या आधी तिथे गॅसचा हीटर आणवला होता. बसवायला आलेल्या फिटरने काम झाल्यावर वर बोट दाखवलं. कपाटाच्या वर, भिंतीत जाळी लावलेला हातभर झरोका होता.

“तो झरोका उघडा ठेवायचा, काका. खिडकीही दोन बोटं उघडी. हीटर खोलीतली हवा खातो. नवी हवा आत यायला पाहिजे.”

“म्हणजे ऊब विकत घ्यायची आणि भिंतीतून बाहेर सोडून द्यायची?”

“जीव वाचतो, काका.”

“असं कोण म्हणतं?”

“हीटर बनवणारेच म्हणतात.”

“मग बनवतात कशाला?” साहेब म्हणाले. फिटरची पाठ वळताच त्यांनी स्टुलावर चढून झरोक्यावर जाड पुठ्ठा बसवला आणि चारी बाजूंनी चिकटपट्टी मारली. सूनबाईने दोनदा विनवलं. साहेबांनी दोन्ही वेळा एकच निकाल दिला, “माझी खोली, माझी थंडी.” तेव्हापासून दुपारी जेवून हीटर लावायचा, तीन तास झोपायचं आणि चारला उठून चहा प्यायचा, असा त्यांचा नेम झाला. पाठोपाठ डोकेदुखीचाही झाला.

चौकशीचं पहिलं पाऊल त्यांनी दुसऱ्याच दिवशी उचललं.

“सूनबाई, तुझा कप दे बघू इकडे.”

“का हो, बाबा?”

“त्याच्यावरची फुलं बरी आहेत.”

“तुमच्या कपावरही तीच आहेत की.”

“माझ्यावर एक कमी आहे.”

सूनबाईने मुकाट्याने कप बदलला, त्यांचा चहा तळापर्यंत प्यायली आणि परत मशीनवर जाऊन झग्याला अस्तर लावू लागली. तिला काहीही झालं नाही. साहेबांचं डोकं मात्र घणाचे घाव बसावेत तसं ठणकत होतं. याचा अर्थ उघड होता. आपण कप बदलणार हे तिने आधीच ओळखून विष स्वतःच्या कपात घातलं होतं. गाठ साध्यासुध्या माणसाशी नाही, अशी नोंद त्यांनी फाइलमधल्या रोजनाम्यात केली.

सकाळचे चहा ते रोज कप बदलूनच घेत, पण चारचा घरचा चहा त्यांनी सोडला आणि त्या वेळी समोरच्या घरी जायला सुरुवात केली. तिथे त्यांचा जुना मित्र राहायचा. चाळीस वर्षं दवाखान्यात औषधं बांधून तोही निवृत्त झालेला. सगळे त्याला कंपाउंडरच म्हणत. त्याच्या ओट्यावर पाव तास बसलं की साहेबांची डोकेदुखी आपोआप उतरायची.

“पित्त असेल तुझं,” कंपाउंडर म्हणायचा.

“पित्त रस्ता ओलांडला की जातं का?”

“तसं जात नाही.”

“मग? घरात असलो की त्रास, बाहेर पडलो की मोकळा. याच्यावरून काय सिद्ध होतं?”

यावरून काय सिद्ध होतं ते शेंबड्या पोरालाही कळलं असतं. पण साहेब अनुभवी होते.

इकडे दुसरं प्रकरण उपटलं. झरोक्यावरच्या पुठ्ठ्याला पाय फुटले. साहेब सकाळी फिरून येत आणि वर पाहत, तर पुठ्ठा गायब. त्यांनी नवा लावला, तोही गेला. शेवटी त्यांनी स्वतःचा लोकरी मफलर जाळीत ठासून बसवला. तो दुसऱ्या दिवशी व्यवस्थित घडी करून उशीवर ठेवलेला सापडला. त्यांनी पुन्हा ठासला.

रोजनामा लिहिता लिहिता त्यांच्या एक गोष्ट ध्यानात आली. ज्या दिवशी वर पाहायचं विसरून ते उघड्या झरोक्याखाली झोपत, त्या दिवशी डोकं दुखत नसे. साहेबांनी पेन थांबवून बराच विचार केला आणि लिहिलं, ‘संशयित ज्या दिवशी झरोका उघडते, त्या दिवशी विष घालत नाही. एका दिवसात एकच गुन्हा. बाई शिस्तीची आहे.’

पुढे पुढे पुरावे स्वतःहून चालत येऊ लागले. झोपून उठलं की खिडकीची काच दमट दिसे. त्यांनी बोट फिरवून पाहिलं, तर पाणी आतल्या बाजूला. म्हणजे कुणीतरी खोलीत उभं राहून बराच वेळ काचेवर श्वास सोडत होतं! साहेबांनी पलंगाखाली वाकून पाहिलं, तेव्हा डोळ्यांपुढे अंधारी आली. त्यांनी खिडकीच्या फटींवर चिकटपट्ट्या मारल्या आणि दाराखाली टॉवेलची वळकटी कोंबली. आता मुंगीसुद्धा आत येणार नव्हती. हीटरची निळी ज्योत हल्ली पिवळी पडली होती. साहेबांना ती जास्त घरगुती वाटली.

शेवटी त्यांनी सापळा लावला. स्टुलावर पावडर भुरभुरवून ते फिरायला गेले. परत आले तर स्टुलावर पाच बोटांसकट पाऊल उमटलं होतं आणि मशीनपासच्या फरशीवर पांढरे ठसे होते.

“सूनबाई, माझ्या स्टुलावर कोण चढलं होतं?”

तिने तोंडातल्या टाचण्या काढल्या. “मी, बाबा. झरोका मीच उघडते. रोज उघडते. तो फिटर काय म्हणाला होता, आठवतंय ना?”

“फिटर तुझ्या माहेरचा?”

“तो सगळ्यांचाच फिटर आहे, बाबा. तुम्ही हीटर लावून सगळं बंद करून झोपता, माझा जीव थाऱ्यावर राहत नाही इकडे. ऐका ना माझं!”

साहेब खोलीत येऊन बसले. इतक्या झटपट कबुली! खात्यात कुणी पंखा चोरल्याचं एका दमात कबूल केलं, की त्याने जनित्र लांबवलेलं असे. कबुली छोटी असली की गुन्हा मोठा, हा त्यांचा अनुभव होता.

दोन दिवसांनी त्यांचा अनुभव खराही ठरला. सकाळी फिरून आले, तर खोलीच्या भिंतीवर बशीएवढी पांढरी डबी चिकटवलेली. मध्ये एक हिरवा दिवा मिचकावत होता. साहेबांनी डबी खाली ओढली, तिची बॅटरी काढून खिशात टाकली आणि कंपाउंडरला फोन केला.

“तीन वाजता ये. पंच म्हणून पाहिजेस. इथलं पाणीसुद्धा प्यायचं नाही, आपलं आपण घेऊन ये.”

मग झरोक्यात मफलर ठासून, खिडकीच्या पट्ट्या पुन्हा दाबून त्यांनी हीटर पूर्ण वाढवला. पंचनामा थंडीत कुडकुडत होत नाही.

कंपाउंडर बायकोने भरून दिलेला थर्मास आणि बिस्किटं घेऊन आला. साहेबांनी कडी लावली, दाराखाली वळकटी सारली आणि रोजनामा पहिल्या दिवसापासून वाचायला घेतला. सातव्या दिवसापर्यंत कंपाउंडरने तीन जांभया दिल्या. नवव्या दिवशी त्याने कपाळ धरलं.

“डोकं जड झालंय रे माझं. मळमळतंयही.”

“तू इथे काय खाल्लंस?”

“काही नाही. चहासुद्धा आमच्या हिच्याच हातचा.”

साहेबांचा चेहरा गंभीर झाला. त्यांनी लिहिलं, ‘संशयित क्रमांक दोन : कंपाउंडरची बायको.’

“अरे, काय लिहितोयस? माझी बायको?”

“कटाची व्याप्ती वाढतेय, मित्रा. वहिनींना मी पंधरा वर्षं ओळखतो, म्हणून जास्त वाईट वाटतंय. आता हा मुख्य पुरावा पाहा. आपल्यावर नजर ठेवायचं यंत्र.” साहेबांनी डबी टेबलावर ठेवली आणि खिशातली बॅटरी तिच्यात बसवली.

दिवा एकदा हिरवा झाला, मग लाल, आणि डबीने असा काही टाहो फोडला की कंपाउंडरचा थर्मास लवंडला.

“बघ!” साहेब ओरडले. “तिला बोलावतंय!”

आणि खरोखरच दिवाणखान्यातलं मशीन थांबलं, पावलं धावत आली, दारावर मुठी आपटू लागल्या. “बाबा! दार उघडा! काका, आधी दार उघडा!”

“उघडू नकोस,” साहेबांनी बजावलं. त्यांना उठायचं होतं, पण पाय दुसऱ्याच कुणाचे असल्यासारखे वागत होते. कंपाउंडर मात्र भिंत धरत धरत दारापर्यंत गेला आणि त्याने कडी काढली.

“साक्षीदार फुटला!” असं साहेब म्हणाले ते खुर्चीवरूनच.

सूनबाईने कुणाशी एक शब्द बोलण्याआधी हीटरची चावी बंद केली, खिडकी ओढून चिकटपट्ट्यांसकट सताड उघडली आणि दोन्ही म्हाताऱ्यांना दंडाला धरून अंगणात नेऊन बाकावर बसवलं. बोचरा वारा सुटला होता. मग डॉक्टरांना फोन करून तिने दोघांच्या अंगावर शाली आणून टाकल्या. साहेबांनी पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं.

कंपाउंडरचं डोकं हळूहळू ताळ्यावर आलं. त्याच्या हातात ती डबी तशीच होती. सवयीने त्याने चष्मा लावून तिच्या मागची बारीक अक्षरं वाचली. “विषारी वायूचा इशारा देणारं यंत्र. या वायूला रंग नाही, वास नाही. लक्षणं… डोकेदुखी, मळमळ, गुंगी. मोकळ्या हवेत गेल्यावर बरं वाटतं.”

“पुढे?” साहेबांनी विचारलं. त्यांचा आवाज बारीक झाला होता.

“गॅस हीटर असलेल्या खोलीत हवा येण्याजाण्याच्या वाटा बंद करू नयेत.”

कंपाउंडरने डबी बाकावर ठेवली. मग त्याने पंचाला शोभेल असा प्रश्न केला. “कुणी बंद केल्या होत्या रे?”

डॉक्टर आले, त्यांनी दोघांना नळी लावून तासभर प्राणवायू दिला आणि आणखी थोडा उशीर झाला असता तर मला बोलावून उपयोग नव्हता, असं स्वच्छ सांगून गेले. कंपाउंडर घरी निघाला, पण फाटकापर्यंत जाऊन परत आला. संशयित क्रमांक दोनचं नाव त्याने आपल्यासमोर खोडून घेतलं, मगच गेला.

साहेबांना फार लाज वाटली. ती लाज त्यांनी कुणाला बोलून दाखवली नाही, पण त्यांची शिस्त त्यांना गप्प बसू देईना. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी नवं पान घेतलं आणि लिहिलं, ‘दोषी : मी स्वतः. साधन : पुठ्ठा, मफलर, चिकटपट्टी, टॉवेल. संधी : रोज. हेतू : ऊब.’ आता जुना आरोप रद्द करायचा, म्हणून त्यांनी फाइलचं पहिलं पान उघडलं. त्या दिवसानंतर ते तिकडे वळलेच नव्हते. आपणच कोरा ठेवलेला रकाना पुन्हा कोण पाहतो?

रकाना कोरा नव्हता. झग्यांची मापं लिहायच्या पेन्सिलीने, तिरप्या अक्षरात, तिथे कुणीतरी लिहिलं होतं. खाली तारीख होती फाइल उघडल्यानंतरच्या रविवारची. रविवारी गादीची चादर बदलली जाते आणि ती कोण बदलतं, याची चौकशी साहेबांनी कधीच केली नव्हती.

‘हेतू : बाबांनी शंभर वर्षं जगावं. लग्नाला अकरा वर्षं झाली, माझ्याकडे इतकं लक्ष या घरात दुसऱ्या कुणी दिलेलं नाही.’

साहेबांनी ते दोनदा वाचलं. मग चष्मा काढून पुसला आणि तिसऱ्यांदा वाचलं. सगळं वाचूनही ती रोज कप बदलू देत होती, स्टुलावर चढत होती, मफलरची घडी घालत होती.

दार लोटून सूनबाई आत आली. तिने दोन कप टेबलावर ठेवले, क्षणभर थांबली आणि मग स्वतःच्या हाताने त्यांची अदलाबदल केली.

“हे काय?” साहेबांनी विचारलं.

“सवय झालीय, बाबा.”

साहेबांनी वर पाहिलं. झरोका सताड उघडा होता आणि गार वारा सरळ टाळूवर येत होता. त्यांनी उशीवरचा मफलर उचलून गळ्याभोवती घट्ट गुंडाळला, फाइलवर ‘प्रकरण बंद’ असं लिहून सही केली आणि चहाचा मोठा घोट घेतला.

“सूनबाई,” ते डोळे बारीक करून म्हणाले, “आज साखर जास्त का?”